पाण्यावरची साय

पहिला पाऊस पडून गेला की एसटी स्टँडसमोरच्या डबक्यात एक गंमत दिसते. कुठल्या तरी गाडीतून गळलेला ऑइलचा थेंब पाण्यावर पसरतो आणि त्या घाणेरड्या पाण्यात निळा, जांभळा, सोनेरी असे रंग खेळायला लागतात. लहान मुलं तिथेच खिळून उभी राहतात. आपण त्यांचा हात ओढतो, साडी वर धरतो आणि डबकं ओलांडून पुढे जातो.

आज जिची गोष्ट सांगायची आहे ती बाई या डबक्यापाशी थांबली. एक-दोन मिनिटं नव्हे, अख्खा जन्म थांबली म्हणा ना! दुधावर साय धरते तशी पाण्यावरही साय धरते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. ती न दिसणारी साय पाण्यावरून अलगद उचलायची, काचेवर पसरायची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी... हेच तिचं काम. तिचं नाव कॅथरीन ब्लॉजेट.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचं गाव आहे. जनरल इलेक्ट्रिक या विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कंपनीचं गाव. कॅथरीनचे वडील जॉर्ज ब्लॉजेट तिथे पेटंट विभागाचे प्रमुख होते. घरी बायको, एक लहान मुलगा, आणि दुसऱ्या बाळाची चाहूल. सगळं छान चाललं होतं. 1897 च्या डिसेंबरात एका रात्री घरात चोर शिरला. त्याच्या गोळीने जॉर्ज यांचा जीव घेतला. महिनाभराने, 10 जानेवारी 1898 रोजी, कॅथरीनचा जन्म झाला. वडिलांचं तोंडही न बघितलेली पोर!

आपल्याकडे अशा मुलीला काय काय ऐकावं लागलं असतं, ते वेगळं सांगायला नको. पण कॅथरीनची आई खंबीर होती. पदरात दोन लहान मुलं, मागे नवऱ्याने ठेवलेला बऱ्यापैकी पैसा. त्या पैशाचं काय करायचं हे तिने मनाशी पक्कं ठरवलं असावं. आधी ती मुलांना घेऊन न्यूयॉर्क शहरात गेली आणि 1901 मध्ये थेट फ्रान्सला! मुलांनी जग बघावं, दुसरी भाषा बोलावी म्हणून. काही वर्षांनी न्यूयॉर्कला परतल्यावर मुलीला तिने अशा शाळेत घातलं जिथे मुलींना मुलांच्या तोडीचं शिकवलं जायचं. त्या काळी बऱ्याच घरांत मुलींचं शिक्षण म्हणजे थोडं वाचन, थोडं भरतकाम आणि थोडा पियानो. कॅथरीनला मात्र गणिताची गोडी लागली.

पंधराव्या वर्षी तिला ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे गणित शिकवायला शार्लट अँगस स्कॉट होत्या, स्वतः नावाजलेल्या गणितज्ञ. बाई उभी राहून उच्च गणित शिकवते आहे, हे रोज डोळ्यांसमोर दिसत असलं की मुलीला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी नाताळच्या सुटीत कॅथरीन स्केनेक्टडीला गेली. वडिलांचे जुने सहकारी अजून कंपनीत होते. त्यांनी या मुलीला हौसेने प्रयोगशाळा दाखवली आणि तिथल्या एका शास्त्रज्ञाशी ओळख करून दिली. त्यांचं नाव आयर्विंग लँगम्युअर. त्यांनी तिची हुशारी ओळखली आणि सल्ला दिला, की इथे काम करायचं असेल तर अजून शिकून ये.

मुलगी गेली आणि शिकून आली! 1917 मध्ये पदवी, लगेच शिकागो विद्यापीठात प्रवेश. पहिलं महायुद्ध चालू होतं, विषारी वायूंनी सैनिक मरत होते. गॅस मास्कमधला कोळसा ते वायू कसे शोषून घेतो, यावर तिने अभ्यास केला आणि 1918 मध्ये मास्टर्स पदवी घेऊन ती लँगम्युअर यांच्यासमोर उभी राहिली. वय वर्षं 20. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेने नेमलेली ती पहिली स्त्री शास्त्रज्ञ. हुद्दा मात्र साहाय्यकाचा.

आता लँगम्युअर तेव्हा काय करत होते ते सांगायला हवं. आणि त्याआधी जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात डोकवायला हवं. कारण ही सगळी गोष्ट सुरू होते तीच मुळी भांड्यांपासून.

ॲग्नेस पॉकेल्स ही ब्राउनश्वाइग गावातली मुलगी. 1862 चा तिचा जन्म. विज्ञानाची विलक्षण आवड. पण तिच्या तरुणपणी तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते, आणि घरात आजारी आईवडील. भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, ही घरी राहिली. पण भावाची पुस्तकं घरी यायची, ती ही वाचायची. भांड्यातल्या पाण्यावर तेलातुपाचा अंश आला की पाण्याची तऱ्हा बदलते, हे तिला दिसलं. तुम्हाआम्हालाही दिसतंच. तिने त्याचं मोजमाप करायचं ठरवलं! पत्र्याचं एक लांबट उथळ भांडं घेतलं, त्यावर आडवी पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तेलकट थर दाबला जातो. पाण्याचा पृष्ठभाग किती घट्ट धरतो ते मोजायला तराजूला एक बटण टांगलं. झाली प्रयोगशाळा!

दहाएक वर्षं ती असे प्रयोग करत होती. दखल कोण घेणार? शेवटी 1891 च्या जानेवारीत तिने इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. पत्र जर्मनमध्ये होतं. रॅलेंच्या पत्नीने त्याचं भाषांतर केलं आणि रॅलेंनी ते नेचर या नियतकालिकाकडे पाठवून दिलं. मार्चमध्ये ते छापून आलं. लँगम्युअर यांनी पुढे जी पसरट तबकडीसारखी उपकरणं वापरली ती ॲग्नेसच्या भांड्याचीच सुधारलेली आवृत्ती. ॲग्नेसला 1932 साली मानद डॉक्टरेट मिळाली. तेव्हा ती 70 वर्षांची होती.

मैत्रिणींनो, यातला थोडा प्रयोग आपणही करू शकतो. स्वच्छ ताटात पाणी घ्या, वर मिरपूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. मग बोटाला किंचित साबण लावून मध्यभागी टेकवा. पावडर झटकन कडेला पळते! मुलं टाळ्या पिटतात. आता त्याच पाण्यात पुन्हा करून बघा. होत नाही. कारण साबणाचा अदृश्य थर आधीच सगळीकडे पसरलेला आहे. ताट नुसतं विसळूनही भागत नाही, अगदी लख्ख घासावं लागतं. स्वच्छतेचं हे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लँगम्युअर यांनी 1917 मध्ये या थराचं गुपित उलगडलं. तेल-चरबीच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला नाही. म्हणून पाण्यावर हे रेणू डोकं बुडवून, शेपट्या वर करून उभे राहतात. बाजूने दाबत आणलं की वारीतल्या माणसांसारखे खांद्याला खांदा लावून दाटीने उभे! थराची जाडी म्हणजे एका रेणूची उंची, बस्स.

हा थर पाण्यावरून काचेवर कसा घ्यायचा, यावर कॅथरीनने नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच काम केलं. 1920 च्या सुमारास लँगम्युअर यांनी त्याबद्दल लिहिलं तेव्हा बरेचसे प्रयोग तिने केले असल्याचं नमूद केलं. पण तेवढ्यावर तो विषय थांबला. कंपनीला दिव्यांची काळजी होती, तारांची होती. तीही त्या कामाला लागली.

सहा वर्षं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरेटशिवाय पुढची वाट नाही. लँगम्युअर यांनी शब्द टाकला आणि 1924 मध्ये तिला इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. तिथे प्रमुख होते अर्नेस्ट रदरफर्ड, अणूच्या पोटात केंद्रक असतं हे जगाला दाखवणारे. 1926 मध्ये कॅथरीन तिथून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री ठरली. गंमत बघा, त्या काळी केंब्रिजमध्ये बायकांना शिकता यायचं, परीक्षा देता यायची, पण विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व मिळायचं नाही. ते मिळायला 1948 साल उजाडावं लागलं!

कॅथरीन परत आली ती आपल्या गावी, आपल्या प्रयोगशाळेत. 1932 मध्ये लँगम्युअर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पृष्ठभागांवरच्या कामासाठीच. आणि त्याच सुमारास पाण्यावरच्या त्या थराकडे पुन्हा लक्ष गेलं. एक थर काचेवर येतो, तर त्यावर दुसरा का येऊ नये? हा प्रश्न तडीला नेला तो कॅथरीनने.

तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात महागडं काही नाही. आहे ती फक्त हाताची शिस्त. उथळ भांड्यात अतिशय शुद्ध पाणी. त्यात बेरियम या धातूचा किंचित क्षार, म्हणजे थर जरा घट्ट धरतो. मग स्टिअरिक आम्ल. नाव अवघड आहे, पण वस्तू घरातलीच. मेणबत्तीत असते, व्हॅनिशिंग क्रीममध्ये असते. हे आम्ल बेंझीनमध्ये विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर सोडायचा. बेंझीन उडून जातं, मागे एका रेणूच्या जाडीचा थर उरतो. आता तो दाटीने उभा राहायला हवा. त्यासाठी ती पाण्यावर मेण लावलेला रेशमाचा दोरा तरंगत ठेवायची आणि दोऱ्याच्या पलीकडे एखादा तेलाचा थेंब टाकायची. कधी ओलिक आम्ल, कधी चक्क एरंडेल! ते तेल पसरू पाहतं, दोऱ्याला ढकलतं, आणि दोरा थराला सारख्या जोराने दाबून धरतो. ना मोटर, ना यंत्र.

मग काच. अगदी निर्मळ काच पाण्यात उभी बुडवायची आणि सावकाश वर काढायची. वर येताना पहिला थर चिकटतो. डोकी काचेकडे, शेपट्या बाहेर. आता काचेला बाहेरून शेपट्यांचं अस्तर आलं. पुन्हा खाली बुडवली की दुसरा थर शेपटीला शेपूट लावून बसतो. वर काढली की तिसरा, डोक्याला डोकं लावून. खाली एक, वर एक. चिरोट्याचे पदर कसे सुटे सुटे आणि तरी एकत्र, तसं. प्रत्येक वेळी पाण्यावरचा रेशमाचा दोरा किंचित पुढे सरकतो, आणि थर काचेवर चढला याची खूण मिळते. सगळ्यात नवल म्हणजे काच पाण्यातून वर येते ती कोरडी! बाहेरच्या शेपट्यांना पाणी नकोच असतं, त्यामुळे थेंबही राहत नाही.

वाचायला सोपं वाटतं. पण घाईने काच ओढली, बिघडलं. भांड्याला कुणाच्या बोटाचा तेलकटपणा लागला, बिघडलं. पाण्यात आम्लाचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं, बिघडलं. ज्यांनी पापड लाटलेत, पुरणपोळी न फोडता तव्यावर टाकली आहे, त्यांना हाताचा अंदाज म्हणजे काय ते ठाऊक आहे. तो पुस्तकातून येत नाही, पुन्हा पुन्हा करून येतो. कॅथरीनने असे शेकडो थर एकावर एक चढवून दाखवले. 1934-35 मध्ये तिचे याबद्दलचे निबंध प्रसिद्ध झाले. मोठ्या निबंधावर नाव एकटीचं होतं.

एका थराची जाडी होती मिलिमीटरच्या साधारण चार लाखाव्या भागाइतकी. एका केसाच्या जाडीत असे 25-30 हजार थर मावतील. इतकं बारीक मोजायचं कसं? इथे आपलं डबकं मदतीला आलं. थर वाढत गेले की काचेवर रंग उमटतात, आणि प्रत्येक जाडीचा रंग ठरलेला. मग कॅथरीनने काचेच्या पट्टीवर पायऱ्या केल्या. या पायरीवर इतके थर, पुढच्या पायरीवर त्याहून जास्त. प्रत्येक पायरीचा रंग वेगळा. एखाद्या अनोळखी पापुद्र्याची जाडी हवी असेल तर त्याचा रंग या पट्टीशी ताडून बघायचा. आपण ब्लाउजपीसचा रंग साडीच्या काठाला लावून बघतो ना, अगदी तसंच! या साध्या पट्टीने भल्या भल्या उपकरणांचं काम केलं.

आणि मग 1938 साल आलं. भिंतीवरच्या फोटोच्या काचेत समोरची ट्यूबलाइट दिसते, फोटोतलं माणूस दिसत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग पडलेल्या उजेडातला सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो. एका काचेला दोन बाजू, म्हणजे 8 टक्के. कॅमेरा, दुर्बीण यांत एकामागे एक भिंगं असतात, तिथे तर बराच उजेड वाटेतच सांडतो. कॅथरीनने काचेच्या दोन्ही बाजूंना थर चढवले, मोजून 44. ही जाडी उजेडाच्या एका लाटेच्या साधारण पाव हिश्श्याइतकी भरते. मग थराच्या वरून परतणारी लाट आणि खालच्या काचेवरून परतणारी लाट एकमेकींना बरोबर मारून टाकतात. थर काचेला शोभेल असा हलका व्हावा म्हणून तिने त्यातला काही भाग द्रावणाने धुऊन काढायची, म्हणजे त्याला जाळीदार करायची युक्तीही शोधली. अशा काचेतून 99 टक्के उजेड आरपार जातो. काच आहे की नाही, तेच कळत नाही!

वर्तमानपत्रांनी अदृश्य काच म्हणून गाजावाजा केला. कॅथरीन ब्लॉजेट हे नाव घरोघरी पोहोचलं. 1940 मध्ये पेटंटही मिळालं.

इथे गोष्ट संपवली असती तर ती किती गोड झाली असती! पण खरं ते सांगायला हवं. हा थर नाजूक होता. शेवटी साबणाच्या जातीचाच तो. फडक्याने पुसला की गेला. त्याच सुमारास दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी निर्वात पेटीत क्षाराची वाफ काचेवर बसवून तसाच परिणाम साधला. जर्मनीत झाइस कंपनीने तर 1935 मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. टिकाऊपणात वाफेची पद्धत सरस ठरली. आज चष्म्याच्या दुकानात एआर कोटिंगचे जास्तीचे पैसे मोजतो, ते कोटिंग त्या वाटेने आलेलं आहे. कॅथरीनच्या 44 थरांची काच बाजारात टिकली नाही.

मग हरली का ती? तिच्या वागण्यावरून तरी तसं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना शत्रूपासून लपवणाऱ्या धुराच्या पडद्यावर आणि विमानाच्या पंखांवर साचणाऱ्या बर्फावर तिने काम केलं. युद्धानंतर पुन्हा आपले पृष्ठभाग, आपले थर. 1951 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं स्त्री शास्त्रज्ञांसाठी असलेलं गार्वन पदक मिळालं. त्याच वर्षी 13 जूनला स्केनेक्टडीने गावभर कॅथरीन ब्लॉजेट दिवस साजरा केला. ज्या गावात बाप मारला गेला, त्याच गावाने लेकीचा दिवस साजरा करावा!

तिने लग्न केलं नाही. जन्मघरापासून जवळच घर घेऊन मैत्रिणीबरोबर राहिली. बागेची हौस, जुन्या वस्तू जमवायची हौस, रात्री तारे बघायची हौस. गावातल्या हौशी नाटक मंडळीत ती कामं करायची, गमतीच्या कविता रचायची. उन्हाळ्यात लेक जॉर्ज या तळ्याकाठी मुक्काम. प्रयोगशाळेबाहेर जगणंच नाही, अशी ती नव्हती.

भावाच्या घरी जाताना तिच्या बॅगांत खाऊ आणि कपडे असावेत ना? आत्याच्या बॅगांत निघायची प्रयोगाची सामग्री! पाण्यावर तेल पसरून, त्यात काचेच्या कांड्या बुडवून ती भाचरांना रंग काढून दाखवायची. त्यातली एक भाची, जिचं नावही कॅथरीनच, पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाली. कॅथरीन ब्लॉजेट गेबी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मोजमाप संस्थेची भौतिकशास्त्र प्रयोगशाळा तिने अनेक वर्षं सांभाळली, आणि तिच्या हाताखालच्या चार शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. बॅगेतला खाऊ वाया गेला नाही म्हणायचा!

1963 मध्ये कॅथरीन निवृत्त झाली. 12 ऑक्टोबर 1979 रोजी, 81 व्या वर्षी, ती गेली. आणि जो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो तो तिच्या जाण्यानंतरचा आहे.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली असते. 1925 मध्ये हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी काढून अशाच भांड्यातल्या पाण्यावर पसरवली. ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरली. म्हणजे पेशीचा पापुद्रा दोन थरांचा! आतल्या बाजूला शेपटीला शेपूट, बाहेर दोन्हीकडे डोकी. कॅथरीनच्या काचेवर थर जसे जोडीने बसत तशीच ही रचना. औषध पेशीत शिरतं ते या पापुद्र्यातून किंवा त्याला धरून. काही जंतूंचं विष पेशीला भोक पाडतं तेही याच पापुद्र्याला. त्याचा अभ्यास करायचा तर तो नीट दिसायला हवा. पण जिवंत पेशी गोल, वळवळणारी, आत-बाहेर हजार गोष्टींची गर्दी. सूक्ष्मदर्शकाखाली एवढं पातळ पटल बघणार कसं?

उत्तर म्हणजे त्याची सपाट प्रतिकृती करायची. काचेवर, किंवा अभ्रकाच्या तुकड्यावर. 1980 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हार्डन मॅकोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेवर पेशीसारखा दोन थरांचा पापुद्रा तयार करून दाखवला. आज जगभरच्या प्रयोगशाळा ते करतात, आणि त्यांतल्या एका रीतीत कॅथरीनचा हात स्पष्ट दिसतो. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन असतं, त्या जातीचे रेणू पाण्यावर पसरायचे. बाजूची पट्टी सरकवून दाटीने उभे करायचे. अगदी निर्मळ काच सावकाश वर ओढायची. पहिला थर आला, डोकी काचेकडे, शेपट्या बाहेर. दुसऱ्या थरासाठी काच आडवी धरून पाण्यावर टेकवायची आणि तशीच खाली दाबायची. ही आडवी तऱ्हा लँगम्युअर यांच्याबरोबर व्हिन्सेंट शेफर यांनी बसवली, तेही त्याच प्रयोगशाळेतले. शेपटीला शेपूट जुळली की पेशीसारखा पापुद्रा तयार! त्यानंतर मात्र काच पाण्याबाहेर काढायची नाही. हवा लागली की पापुद्रा फाटतो. म्हणून पाण्यात ठेवूनच तो सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा.

दुसरी सोपी रीतही आहे. याच रेणूंचे अतिसूक्ष्म फुगे पाण्यात तयार करून स्वच्छ काचेवर सोडायचे. ते काचेला चिकटतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळून चादरीसारखे पसरतात. अभ्रक घेतलं असेल तर चिकटपट्टीने त्याचा वरचा पदर ओढून काढायचा, म्हणजे खाली कुणीच न हाताळलेला, अगदी सपाट पदर मिळतो.

पापुद्रा नीट झाला की नाही, हे कसं ओळखायचं? थोड्याशा रेणूंना चमकणारा रंग लावलेला असतो. तीव्र प्रकाशाने एका ठिकाणचा रंग मारायचा. तिथे काळा ठिपका पडतो. काही वेळात तो ठिपका भरून येतो, कारण आजूबाजूचे चमकणारे रेणू सरकत सरकत तिथे येतात. म्हणजे पापुद्रा अखंड आहे आणि जिवंत पेशीसारखा वाहता आहे. ठिपका तसाच राहिला तर ओळखावं, की काच नीट धुतली गेली नव्हती. आपलं ताट आणि साबण आठवला ना?

या पद्धतीच्या थरांना आज लँगम्युअर-ब्लॉजेट थर म्हणतात. साहाय्यक म्हणून लागलेल्या मुलीचं नाव नोबेल मिळवणाऱ्या गुरूच्या नावाला कायमचं जोडलं गेलं. ज्या काचेमुळे ती वर्तमानपत्रात झळकली ती काच मागे पडली. टिकलं ते तिने हाताला लावलेलं वळण. काच स्वच्छ ठेव, घाई करू नकोस, एक थर नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नकोस. आपल्या घरातल्या कितीतरी कामांना हेच वळण लागतं. त्या कामांचं नाव होत नाही, मोजमाप तर कुणीच करत नाही. ॲग्नेसने आणि कॅथरीनने ते मोजलं, लिहून ठेवलं आणि जगासमोर ठेवलं, एवढाच काय तो फरक. पण तो फरक केवढा मोठा!

तेव्हा येत्या पावसात स्टँडसमोरच्या डबक्यात रंग दिसले आणि लेक तिथे थबकली, तर हात लगेच ओढू नका. एसटीला तसाही उशीरच असतो. बघू दे तिला दोन मिनिटं. आणि घरी गेल्यावर एक ताट लख्ख घासून तिच्या हातात द्या.